राखीव गडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



‘शाळेतले खेळ’ या विषयावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अरे, आपल्या खोखो संघाचा कर्णधार येणार आहे, मुलींच्या संघातून विभागापर्यंत खेळलेली आपली मैत्रीण येणार आहे, मग मी कशाला? तर ते म्हणाले, “ते दोघं बोलायला तयार नाहीत.” म्हणजे आजही मी राखीवच!

हरकत नाही, सवय आहे. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षं मी शाळेच्या खोखो संघात होतो आणि तिन्ही वर्षं राखीव होतो. ज्यांचा खोखोशी संबंध प्रेक्षक म्हणूनच आला त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा संघ बारा जणांचा असायचा. आठ गडी चौकात बसायचे, एक मारायला धावायचा, झाले नऊ. उरलेले तीन मैदानाबाहेर. मी त्या तिघांतला. तीन वर्षांत प्रत्यक्ष सामन्यात मला पाच वेळा उतरवलं आणि माझी सगळी पळती एकत्र केली तर सहा मिनिटांच्या आत बसते. मोजलेली आहे. दुसरं मोजायला काही नव्हतं.

क्रिकेटमध्ये राखीव खेळाडूला बसायला खुर्ची असते. आपल्याकडे लिंबाखाली मुळं वर आलेली होती, त्यांवर बसायचं. समोर नऊ जणांचे शर्ट, पिशव्या आणि चपलांचे नऊ जोड. खेळायचं अनवाणी, त्यामुळे चपला आमच्या ताब्यात. कोणाची चप्पल कुठे झिजलेली होती, हे मी आजही सांगू शकतो. कर्णधाराचा उजवा अंगठा तुटलेला असायचा आणि तिथे तो तारेचा आकडा घालायचा. तो समोर बसून हसतोय, म्हणजे त्यालाही आठवतंय.

आणि सामना नसला की? मैदानावर पाणी मारणं, खडे वेचणं, फक्कीने रेषा आखणं. खांब सैल झाला की त्याच्या बुडाशी दगड ठोकणं. ही कामं सगळेच करायचे असं म्हणतात. म्हणतात.

मी आज या विषयावर का बोलतोय, ते आधी सांगतो. माझा मुलगा पुण्यात शाळेच्या फुटबॉल संघात होता. वर्षभर बाहेर बसला. एका रविवारी सकाळी सहा वाजता मी त्याला उठवायला गेलो, तर पांघरुणातून म्हणाला, “बाबा, मी कशाला जायचं? मला खेळवणारच नाहीत.” अशा वेळी आपण वडील मंडळी काय म्हणतो? “जा रे, संधी मिळेल.” माझ्या तोंडातून ते वाक्य निघेना. कारण मला ठाऊक होतं, की ती कदाचित मिळणार नाही. मी नुसता त्याच्या पायाशी बसून राहिलो, आणि मग मला प्रश्न पडला, की मी स्वतः तीन वर्षं पहाटे साडेपाचला त्या मैदानावर कशाच्या जोरावर जात होतो? मला तर कोणी उठवायलाही येत नव्हतं.

आठवीचं सोपं आहे. आठवीत निवड झाली हेच खूप होतं. नववीतही चाललं, वरचे दहावीचे होते, ते गेले की आपला नंबर, असा साधा हिशेब. कसोटी दहावीत लागली. जुलैमध्ये संघ ठरला आणि आठवीतल्या एका काटकुळ्या पोराला नऊमध्ये घेतलं. मी पुन्हा दहावा. आईने सरळ सांगितलं, “दहावीचं वर्ष आहे, उन्हातान्हात चपला राखायला जाऊ नको.” तिचं म्हणणं कोणत्याही कोर्टात टिकलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. सर इथे बसलेत, त्यांना हे आठवत असेल की नाही माहीत नाही. मी म्हटलं, “सर, मला का घेतलं नाही?” सरांच्या हातात शिट्टी होती, ती त्यांनी खिशात घातली. समजूत काढली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. म्हणाले, “तुझी पळती ठीक आहे. मारताना तू कमी पडतोस. खो मिळाला की तू आधी बघतोस आणि मग उठतोस. तेवढ्यात गडी दोन चौक पुढे जातो. गडी कुठाय हे बसल्या बसल्या माहीत पाहिजे.” बस. एवढं बोलून सर दुसऱ्या मुलांकडे गेले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की सायकल नेहमीपेक्षा जोरात चालली आहे. दोन वर्षं माझ्या मनात नाना शंका होत्या. मी सरांना आवडत नाही का, आमच्या गल्लीतलं कोणी कमिटीत नाही म्हणून का, मी बुटका आहे म्हणून का? त्या सगळ्या एका वाक्याने गेल्या. अर्ध्या सेकंदाचा प्रश्न होता. अर्ध्या सेकंदावर काहीतरी करता येतं. गल्लीवर काय करणार?

मग मी घरी उद्योग सुरू केला. मी अंगणात उकिडवा बसून बीजगणित सोडवायचो आणि माझी धाकटी बहीण तिच्या मनाला येईल तेव्हा मागून येऊन पाठीवर थाप मारून “खो” म्हणायची. वही टाकून उठायचं आणि गोठ्याच्या मेढीला हात लावायचा. चुलतभावाकडे डिजिटल घड्याळ होतं, त्यावर ती वेळ घ्यायची. आजी म्हणायची, पोर अभ्यास करतंय की अंगात आलंय? सुरुवातीला अडीच सेकंद लागायचे. दिवाळीपर्यंत दोनच्या जवळ आलो. आता दहा वर्षांच्या मुलीने हाताने घेतलेली वेळ किती खरी ते सोडा, पण वहीच्या मागच्या पानावर आकडे उतरत होते आणि ते माझे होते. संघाच्या यादीशी त्यांचा संबंध नव्हता.

आता इथे तुमची अपेक्षा असेल, की मग मला नऊमध्ये घेतलं. नाही घेतलं. तो आठवीतला पोरगा माझ्यापेक्षा चांगलाच होता. झोपेतून उठवला असता तरी खांब मारून आला असता. माझा वेळ कमी झाला, त्याचाही झाला. सरांनी बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही त्यालाच घेतलं असतं.

पण मधल्या काळात एक वेगळी गोष्ट घडली होती. खोखो हा मुळात बसण्याचा खेळ आहे, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? एका वेळी एकच जण धावतो आणि आठ जण बसलेले असतात. पाठीला पाठ लावल्यासारखे, एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे. मागून खो आल्याशिवाय उठायचं नाही. आधी उठलात तर फाउल. सगळा खेळ त्या बसलेल्यांच्या तयारीवर. सरांनी ‘बसल्या बसल्या माहीत पाहिजे’ म्हटल्यापासून मी लिंबाखालीही तसाच बसायला लागलो. पळणाऱ्या गड्याकडे तोंड न करता तो कुठे असेल ते ओळखायचं आणि मग वळून ताळा करायचा. आधी खेळ म्हणून केलं, नंतर त्याचा नादच लागला. सामना सुरू असताना वेळ कसा जातो हे कळेनासं झालं. तोवर राखीव म्हणून बसताना माझं निम्मं लक्ष ‘कोणाचा पाय मुरगळतो का’ याच्यावर असायचं. खोटं कशाला बोलू? तिन्ही राखीव गड्यांचं असायचं. ते लक्ष सुटलं, आणि फार हलकं वाटलं.

मी प्रतिस्पर्ध्यांची वही ठेवायला लागलो. पहिल्या तुकडीत कोण येतं, कोण नुसतं गोल पळतं, कोण साखळी करतं, दम लागला की कोण काय करतं. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने येतात आणि त्यांचा क्रम आधीच गुणलेखकाकडे द्यावा लागतो, त्यामुळे पाळी सुरू असताना तो बदलत नाही. बाहेर बसलेल्याला हे सगळं निवांत दिसतं. आत बसलेल्याला समोरच्याचं तोंड आणि धूळ दिसते.

साताऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य सामना होता. समोरच्या संघात एक उंच मुलगा होता, पहिल्या डावात त्याने आपल्याला साडेतीन मिनिटं पळवलं. मी बघत होतो. दम लागला की तो खांबाजवळ जाऊन घुटमळायचा, आणि खांब सोडताना प्रत्येक वेळी डावीकडेच सुटायचा. मी मध्यंतरात आमच्या कर्णधाराला हे सांगायला गेलो. तो म्हणाला, “गप रे, पाणी दे.” मी पाणी दिलं. आता तो हसत नाहीये, खाली बघतोय. अरे, वर बघ, मी तक्रार करत नाही. साडेतीन मिनिटं धावून तोंडाला फेस आलेल्या माणसाने दुसरं काय बोलावं?

सरांनी मात्र ते ऐकलं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, “तू काय बघितलंस?” तीन वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारला. मी वही काढली. सरांनी त्या आठवीतल्या पोराला खांबाजवळच्या चौकात बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, “हा सांगतो तसं कर.” दुसऱ्या डावात तो उंच मुलगा चाळीस सेकंदांत सूर मारून बाद झाला. डावीकडेच.

सामना आपण दोन गुणांनी हरलो. परतताना यष्टीत शेवटच्या बाकावर सगळे रडत होते. मी रडलो नाही याचं मला आजही थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण त्या दिवशी मी आतून खूश होतो.

राखीव खेळाडूंचा विषय निघाला की दोन मोठी नावं हमखास निघतात. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळींनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून अमोल मुजुमदार बसून राहिले होते. त्यांची फलंदाजी आलीच नाही. पुढे पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून खेळायला मिळालं नाही. आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक तेच होते. हे सांगताना लोकांचा गळा दाटून येतो, माझाही येतो. पण हे उदाहरण मुलांना देताना मी जरा बिचकतो. कारण त्यातून ‘थांबलात तर शेवटी मिळतंच’ असा अर्थ मुलं काढतात.

त्यापेक्षा मला पद्माकर शिवलकर जवळचे वाटतात. ५८९ बळी. १९७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला एका डावात १६ धावांत ८ बळी. डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि त्याच काळात भारताच्या संघात बिशनसिंग बेदी. जागा एकच. शिवलकरांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही, शेवटी कुठलाही विश्वचषक वाट बघत नव्हता. तरी माणूस दोन दशकांहून जास्त काळ मुंबईसाठी त्याच लयीत चेंडू टाकत राहिला. मुलांना सांगायचं तर मी हे सांगतो, आणि पुढे काही जोडत नाही.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. अंतिम सामना मी घरी टीव्हीवर पाहिला. मॅटवरचा खेळ, झगझगीत दिवे, लिंब नाही. बायको म्हणाली, “तुम्ही सारखे बाहेर बसलेल्यांकडे काय बघताय?” मी काय उत्तर देणार?

मुलाचं सांगायचं राहिलं. मी त्याला म्हटलं, मी तुला जा म्हणत नाही आणि नको जाऊ असंही म्हणत नाही. फक्त एकदा तुझ्या प्रशिक्षकांना विचार, की मला का घेत नाही. तो गेला, विचारलं. उत्तर मिळालं, “पुढच्या वर्षी बघू.” पुन्हा दोन आठवड्यांनी विचारलं, तेच उत्तर. मग त्याने फुटबॉल सोडलं. मी अडवलं नाही. आता तो सायकल चालवतो, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो, वेळ लिहून ठेवतो. वहीच्या मागच्या पानावर नाही, मोबाइलवर. तेवढाच फरक.

त्या प्रशिक्षकांचा मला राग नाही. पन्नास मुलं सांभाळायची असतात. पण इथे बसलेल्यांपैकी सहा-सात जण आता स्वतः शिक्षक आहेत, दोघं क्रीडाशिक्षक आहेत, म्हणून बोलतो. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायला तीन सेकंद लागतात. ‘तू आधी बघतोस आणि मग उठतोस’ म्हणायलाही तेवढेच लागतात. मात्र त्यासाठी त्या बाहेर बसलेल्या मुलाचा खेळ कधीतरी नीट बघितलेला असावा लागतो. आमच्या सरांनी तो बघितला होता. मला खेळवलं नाही, पण बघितलं होतं. सर, हे तुम्हाला सांगायला मला तीसेक वर्षं लागली. खो उशिराच मिळाला.

आणखी एकच गोष्ट, ती आजच्या कार्यक्रमाशी संबंधित आहे. आपल्या वेळी शाळेकडे संघाचे शर्ट नऊच होते. निळे, पाठीवर पांढरे आकडे. आम्ही तिघं शाळेच्या पांढऱ्या गणवेशात बसायचो. तालुक्याच्या अंतिम सामन्यात सात नंबरच्या गड्याचा घोटा मुरगळला आणि मला उतरवलं, तेव्हा आधी त्याच्या अंगातला शर्ट काढून माझ्या अंगात घालावा लागला. घामाने चिंब, खांद्याला माती, वर त्याच्या मापाचा, म्हणजे माझ्या गुडघ्यापर्यंत. पंच घड्याळाकडे बघतायत, प्रेक्षक हसतायत आणि मी बाही शोधतोय. पन्नास सेकंद पळालो. पन्नासपैकी दहा तरी शर्ट वर धरण्यात गेले असतील. मग पुन्हा शर्ट परत.

आपल्या तुकडीतर्फे शाळेच्या आताच्या खोखो संघाला शर्टांचा संच द्यायचा ठराव आज होणार आहे, तो मी छापील कार्यक्रमपत्रिकेत वाचला. त्यात ‘नऊ नग’ असं लिहिलंय. ज्याने लिहिलं तो नऊमध्ये खेळलेला असणार, उघड आहे. तर माझी सूचना अशी, की संघात जितकी मुलं आहेत आणि जितक्या मुली आहेत तितके शर्ट घ्या. वरच्या शर्टांचे पैसे माझ्याकडून घ्या, चिठ्ठी मी खजिनदारांकडे दिली आहे. आणि कापड घेण्याआधी शाळेत जाऊन प्रत्येकाचं माप घ्या. राखीव पोरं बहुतेक बारीक असतात.